यंत्राचा सातबारा कोणाच्या नावावर?

कोकणात कारखान्याचा विषय निघाला की चर्चा दोन प्रश्नांपुढे जात नाही. प्रकल्प येणार की जाणार, आणि आलाच तर नोकऱ्या किती देणार. एन्रॉनच्या वेळी हेच, रत्नागिरीत स्टरलाइटच्या वेळी हेच, नाणारला हेच, आणि २०२३ साली बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्त लागला तेव्हाही हेच. समर्थकांच्या हातात रोजगाराचा आकडा, विरोधकांच्या तोंडी आंबा, मासळी आणि पाणी. विरोधकांचे प्रश्न खरे होते असे माझे मत आहे, पण तो आजचा विषय नाही. मला बोलायचे आहे ते त्या आकड्याबद्दल, कारण तो दोन्ही बाजूंनी बिनबोभाट मान्य करून टाकला. नोकऱ्या मिळतील पण निसर्ग जाईल, असा सौदा मांडला गेला. नोकऱ्या तरी खरेच मिळतील का, हे कोणी खोदून विचारले नाही.

नाणार-बारसूच्या रत्नागिरी रिफायनरीचा मूळ प्रस्ताव वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा आणि सुमारे ३ लाख कोटी रुपयांचा होता. प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष धरून रोजगार लाखाच्या घरात सांगितला जायचा. आकडा जसाच्या तसा खरा धरला तरी एका रोजगारामागे ३ कोटी रुपये पडतात. एवढ्या पैशात माणसे लावायची नसतात, माणसे टाळायची असतात. लोटे, महाड, रोहा-धाटाव या रासायनिक पट्ट्यातल्या कोणत्याही बऱ्यापैकी कंपनीत डोकावा. कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर पाळीला मोजकी माणसे, आणि बाहेर गोण्या चढवायला-उतरवायला ठेकेदाराची. बांधकामाची तीन-चार वर्षे हजारो हात लागतात खरे, पण ते ठेकेदार कुठून कुठून गोळा करून आणतो आणि काम संपले की वस्ती उठते. गुहागरकरांनी हे अंजनवेलला डोळ्यांदेखत पाहिले. २००१ मध्ये तिथला एन्रॉनचा वीजप्रकल्प बंद पडला तेव्हा चहाच्या टपऱ्यांपासून भाड्याच्या खोल्यांपर्यंत सगळे ओस पडले.

रत्नागिरीने नाकारलेला स्टरलाइटचा तांबे प्रकल्प तमिळनाडूत तुतुकुडीला गेला. तिथे २०१८ साली आंदोलकांवर गोळीबार झाला, १३ माणसे गेली आणि प्रकल्पाला टाळे लागले. तेव्हा तो गेला म्हणून मी उसासे टाकणार नाही. पण नकार देऊन झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच, आणि मोठ्या प्रकल्पांच्या गदारोळात जो कारखाना कोकणात आधीपासून आहे त्याचे काय होतेय, इकडे कोणाचे लक्ष नसते. तो कारखाना काजूचा.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड आपण इतके आपलेसे केले की वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून निघालेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती आज राज्याबाहेरही लावल्या जातात. काजूच्या उत्पादनात महाराष्ट्र देशात आघाडीवर, आणि त्यातही सिंधुदुर्ग-रत्नागिरी. म्हणजे माल आपला, जात आपली, चव तर विचारूच नका. भाव मात्र आपला नाही. मार्च-एप्रिलमध्ये बी पडायला लागली की दारात येणारा व्यापारी जो भाव सांगतो, तो हजारो मैलांवर ठरलेला असतो. बी पिकते पश्चिम आफ्रिकेत आणि फुटते व्हिएतनाममध्ये, त्या दोघांच्या व्यवहाराची सावली बांद्याच्या आणि राजापूरच्या बाजारावर पडते.

व्हिएतनामची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आपल्याकडे 'चीनने मारले, व्हिएतनामने मारले' एवढ्यावर ती संपवतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत व्हिएतनाम आपली कच्ची बी भारताला विकत असे. फोडायचे कसब आपल्याकडे, केरळात कोल्लमला. तिथल्या कारखान्यांत लाखो बायका बसून काजू फोडत, सोलत, निवडत, आणि आफ्रिकेची बी जहाजाने तिथे येऊन पडे. २००६ पर्यंत चित्र उलटे झाले. काजूगराच्या निर्यातीत व्हिएतनाम भारताच्या पुढे गेला आणि नंतर त्याने मागे वळून पाहिले नाही. स्वस्त मजुरी हे त्याचे अर्धेच कारण. उरलेले अर्धे म्हणजे फोडणीची, सालपट उडवण्याची आणि रंगावरून गर वेगळा करण्याची यंत्रे. त्यातली फोडणीची यंत्रे त्यांनी तयार विकत आणली नाहीत, तिथल्याच वर्कशॉपवाल्यांनी खटपट करत बनवली. यंत्र अडले की बनवणारा शेजारच्या गल्लीत. त्यामुळे दर हंगामाला यंत्र थोडे सुधारत गेले. कोल्लमच्या कारखानदारांनी तोवर बायकांचे हात स्वस्त आहेत या भरवशावर दिवस काढले. पुढे किमान वेतन वाढले, तसे शेकडो कारखान्यांना कुलपे लागली.

आता आयव्हरी कोस्टलाही कच्ची बी बाहेर पाठवण्यात राम वाटत नाही, तेही आपल्याकडेच कारखाने उभारताहेत. सरळच आहे. ज्याच्या घरी माल त्याने फोडावा. आपण मात्र माल असून फोडण्यात मागे.

फोडणी म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. सावंतवाडी तालुक्यातला एक छोटा कारखाना माझ्या डोळ्यांसमोर आहे. पत्र्याची शेड, एका टोकाला बॉयलर. बी वाफवून रात्रभर थंड केलेली. मधल्या रांगेत लाकडी टेबले आणि त्यांवर बसवलेली फोडणीची यंत्रे. बाई डाव्या हाताने बी दोन पात्यांमध्ये धरते, पायाने पेडल दाबते, उजव्या हाताने दांडा फिरवते, आणि टरफल दुभंगते. गर सळीने अलगद काढायचा. पाते एक केसभर जास्त गेले की गर चिरला, अखंडाची पाकळी झाली, पाकळीचा तुकडा झाला आणि किलोमागे भाव घसरला. टरफलातले तेल काळे आणि जळजळीत, कातडीला लागले की ती सोलवटून निघते. मालक हातमोजे देतो. बायका ते काढून ठेवतात, कारण मोज्यातून बी नीट कळत नाही, हात मंदावतो, आणि मजुरी किलोवर असते. मग तेल नाहीतर राख चोळून काम. पुढे ड्रायर, मग सालपट काढणे, मग प्रतवारी. १८०, २४०, ३२० हे प्रतवारीचे आकडे म्हणजे एका पौंडात बसणाऱ्या गरांची संख्या. तीस वर्षे हे काम केलेली बाई गर नुसता ओंजळीत घेऊन आकडा सांगते.

त्या शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आपोआप फोडणारे यंत्र झाकून ठेवले होते. मालक वैतागून सांगत होते की पैसे घातले पण तुकडा फार निघतो. कारण उघड आहे. यंत्राला सारख्या आकाराची बी लागते. वेंगुर्ला-७ ची बी दहाएक ग्रॅमची, टपोरी, आणि गावठी झाडाची तिच्या निम्मी. आपल्याकडच्या गोणीत दोन्ही एकत्र. बागायतदार वेगळी करत नाही, कारण व्यापारी वेगळा भाव देत नाही, आणि व्यापारी भाव देत नाही कारण माल एकत्र येतो. आधी चाळून तीन-चार आकार केले तर यंत्र बरे चालते, पण चाळणीचे यंत्र वेगळे, त्याचा खर्च वेगळा. शिवाय वीज. पहिल्या पावसात कुठेतरी फांदी पडते आणि लाइन जाते, कॉम्प्रेसर बसतो, पुन्हा बायकांना हाक.

तिथल्या एका मावशींनी ताडपत्रीकडे मान वळवून विचारले, "मशीन इली म्हणजे आमी खंय जावचा?"

या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक शहरी उत्तर: काळाबरोबर चालावेच लागते, एक काम गेले की दुसरे मिळते. ते सांगणाऱ्याला वयाच्या पन्नाशीत दुसरे काम शोधावे लागलेले नसते. दुसरे उत्तर भावनेचे: यंत्र नको, हातांना काम हवे. हेही मला म्हणवत नाही. बोटे जाळणाऱ्या, पाठ मोडणाऱ्या आणि किलोवर मोजल्या जाणाऱ्या कामाचे गोडवे गायचे कशाला? त्या बायकांच्या मुलींना ते काम नकोच आहे, आणि आईलाही तिने ते करावे असे वाटत नाही. यंत्र येणार. आपण अडवले तर व्हिएतनामच्या बिन्ह फुओकला चालेल, आणि आपल्या बायकांचे काम तसेही जाईल, फक्त यंत्र आपल्याकडे नसेल.

खरी अडचण यंत्र आल्यावर सुरू होते. हाताच्या कामावर बायका असतात, आणि यंत्र बसले की त्याच्या बटणापाशी पुरुष उभा राहतो. याला अपवाद मी क्वचितच पाहिले. तीस वर्षे गर ओळखणारी बाई घरी जाते आणि बारावी झालेला मुलगा 'ऑपरेटर' होतो, त्याला महिन्याचा पगार मिळतो. बाईला कधी महिन्याचा पगार नव्हता. म्हणजे यंत्राने काम नुसते कमी केले नाही, उरलेल्या कामाचा दर्जा वाढवला आणि ते दुसऱ्याच्या हाती दिले. काजू पिकाच्या धोरणात, अनुदानात, मेळाव्यांच्या भाषणांत या गोष्टीचा उच्चारही सापडत नाही.

यंत्र आणि परदेशी माल यांची जोडगोळी कोकणी माणसाला नवीन नाही. फक्त आपल्या आठवणीत गिरणी म्हटले की १९८२ चा संपच येतो. त्याआधीचे पान जास्त महत्त्वाचे आहे. १९२० च्या दशकात जपानी सूत आणि कापडाने मुंबईच्या गिरण्यांना घेरले होते. गिरणगावात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा भरणा मोठा. आजचा सिंधुदुर्गही तेव्हा त्याच जिल्ह्यात. मालकांनी उपाय काढला 'रॅशनलायझेशन'चा. माग तोच, जुना. पण विणकराने दोनाऐवजी तीन सांभाळायचे, सूतखात्यात एकाऐवजी दोन बाजू बघायच्या. त्यावरून १९२८ साली सहा महिन्यांच्या आसपास संप चालला. त्याच सुमारास जपानात काय चालले होते? साकिची टोयोडा यांनी १९२४ साली असा माग तयार केला होता की सूत तुटले की तो आपणहून थांबे आणि आडवे सूत नेणारा धोटा रिकामा झाला की चालता चालता बदलला जाई. एक माणूस डझनावारी माग बघू शके. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरवणाऱ्या इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनेच १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. पुढे त्याच टोयोडांच्या यंत्र कारखान्यात मोटारींचा विभाग निघाला.

तिकडे यंत्र बदलले, इकडे माणूस ताणला. गिरण्या चालवणाऱ्या मॅनेजिंग एजंटांनी कमिशन उचलले, यंत्रांवर खर्च करायचा तो टाळला, आणि तोटा झाला की कामगार आळशी ठरवला. पुढची पन्नास वर्षे थोड्याफार फरकाने हेच चालले. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार बाहेर पडले तेव्हा गिरण्या आतून पोखरलेल्याच होत्या. आणि गंमत अशी की त्यांचा धंदा ज्याने खाल्ला ते काही नवे यंत्र नव्हते. भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमधले जुने, गिरण्यांनीच मोडीत काढलेले माग होते, आणि त्यावर बारा तास राबणारा, ना युनियन ना प्रॉव्हिडंट फंड असलेला कामगार. जुन्या यंत्राने आणि स्वस्त माणसाने गिरणी मारली. मग त्या भिवंडीला नव्या बिनधोट्याच्या मागांनी धाप लागली. म्हणून 'ऑटोमेशनमुळे नोकऱ्या जातात' हे सरळसोट वाक्य मला पुरत नाही. यंत्र घ्यायचे की नाही, जुनेच रेटायचे की नवे आणायचे, आणि त्यातून सुटलेला पैसा कुठे घालायचा, हे ठरवणारा कोण होता? गिरणगावात तो आधी एजंट, पुढे मालक होता. त्याने पैसा शेवटी गिरणीच्या जमिनीत पाहिला, आणि १९९१ च्या विकास नियमावलीने त्याला ती वाटही करून दिली. गावाकडे परतलेल्या आपल्या काकांच्या, आजोबांच्या हाती काही लागले असेल तर म्हाडाच्या सोडतीतला एक नंबर.

आजचे जगाचे आकडे पाहिले तर धडकी भरते हे खरे. २०२३ मध्ये जगभरात सुमारे ५ लाख ४१ हजार औद्योगिक यंत्रमानव नव्याने बसवले गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक, २ लाख ७६ हजार, एकट्या चीनने घेतले. भारताने साडेआठ हजार. ज्या चीनकडे स्वस्त मजुरांचा देश म्हणून बघायची आपल्याला सवय झाली, तो मजूर महाग व्हायच्या आधीच यंत्र घेऊन बसला. 'चीनमधून बाहेर पडणारे कारखाने आपल्याकडे येतील' ही गेल्या दहा वर्षांतली आवडती आशा, पण बाहेर पडणारा कारखाना माणसे कमी करूनच बाहेर पडतो हे तिच्यात धरलेले नसते.

तरी सगळी कामे यंत्र गिळणार असेही नाही. आदिदासने जर्मनीत आणि अमेरिकेत जवळपास माणसांविना बूट बनवणारे कारखाने काढले, स्पीडफॅक्टरी नावाचे, मोठा गाजावाजा करून. दोन-तीन वर्षांतच ते गुंडाळले आणि ते तंत्र आशियातल्या पुरवठादारांकडे पाठवले. मऊ, वाकणाऱ्या, दर नगाला वेगळ्या असणाऱ्या वस्तूशी यंत्राचे अजून नीट जमत नाही. बुटाचा वरचा भाग, कोळंबीची साल, गावठी काजूची बी, हे सगळे त्या जातीचे. यात आपल्याला वेळ मिळतो. किती, ते सांगता येत नाही, पण मिळतो. त्या वेळात काय करायचे हा खरा धोरणाचा प्रश्न आहे, आणि तिथे आपण नुसते ढिम्म.

सरकारने काय केले ते पाहा. २०१९ च्या अर्थसंकल्पात बाहेरून येणाऱ्या काजूगरावर आयात शुल्क ७० टक्क्यांवर नेले. म्हणजे व्हिएतनामचा गर देशात सहज शिरू नये. चांगले. पण कच्च्या बीवरचे शुल्क २०१८ मध्येच अडीच टक्क्यांवर आणले होते. कारखानदाराला आफ्रिकेची बी स्वस्त हवी, आणि देशी बीने देशातल्या कारखान्यांची भूक भागतही नाही, त्यामुळे तेही समजू शकते. पण या दोन आकड्यांच्या मध्ये सापडला तो कोकणातला बागायतदार. कारखान्याभोवती भिंत, त्याच्याभोवती नुसता गडगा. गोव्याने आपल्या बागायतदाराला किलोला १५० रुपयांचा आधारभाव दिला. आपल्याकडे २०२४ च्या हंगामासाठी किलोला १० रुपये अनुदान जाहीर झाले. गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडचे झाड आणि पलीकडचे झाड, दोघांची मुळे एकाच जांभ्यात.

माझे म्हणणे असे की भावाची लढाई नुसत्या आधारभावाने जिंकता येणार नाही; बी इथेच फुटली पाहिजे आणि ती फोडणारे यंत्र इथल्या माणसांच्या, त्यातही आज फोडणीवर बसलेल्या बायकांच्या मालकीचे असले पाहिजे. यावर लगेच शेरा येतो: सहकार? कोकणात? पश्चिम महाराष्ट्रात कारखाने झाले, आपल्याकडे समित्या झाल्या, हा विनोद जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण कारण आपल्या स्वभावात शोधू नये. ऊस तोडला की दिवसभरात गाळावा लागतो, त्यामुळे सभासद जवळच्या कारखान्याला बांधलेला. काजू बी वाळवली की वर्षभर टिकते. व्यापारी दारात येऊन रोख मोजतो, संस्था म्हणते पंधरा दिवसांनी या. एप्रिलात शाळेची फी, मेमध्ये लग्नकार्ये. सभासद बी कोणाला घालणार? संस्था कोरडी पडते ती इथे.

म्हणून काजूच्या धंद्याची नाडी यंत्रात कमी आणि खेळत्या भांडवलात जास्त आहे. अख्ख्या वर्षाची बी अडीच महिन्यांत रोखीने घ्यावी लागते. छोट्या कारखानदाराला ते पैसे मिळत नाहीत, मिळाले तर व्याज परवडत नाही. दिवाळीच्या पुढे-मागे त्याची बी संपते आणि शेड बंद. यंत्राला सुटी, बायकांना सुटी, कर्जाचा हप्ता मात्र चालू. वर्षातले सहा महिने चालणारे यंत्र कोणालाच परवडत नाही, व्हिएतनामचे बारा महिने चालते. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत काजू बी आहे. पण गोदाम तालुक्याला आणि बाग डोंगरात असेल तर ती योजना कागदावरच. गावोगावी छोटी गोदामे, तिथेच बी चाळून आकारावर वेगळी करायची सोय, आणि त्याच दिवशी खात्यावर पैसे. एवढे झाले तरी ताडपत्रीखालचे ते यंत्र बाहेर येईल. टपोऱ्या बीला वेगळा भाव मिळू लागला की बागायतदार आपणहून गोण्या वेगळ्या भरेल, त्याला शिकवावे लागणार नाही.

दुसरा आक्षेप सातबाऱ्याचा, आणि तो मी हलका मानत नाही. कोकणात एका गुंठ्यावर वीस नावे. चुलते मुंबईला, आत्या पुण्याला, एक चुलतभाऊ दुबईला आणि एकाचे नाव मेल्यावरही कमी झालेले नाही. खोती गेली पण हिस्से राहिले. बँक तारण मागते, सगळ्यांच्या सह्या आणायला गणपतीपर्यंत थांबावे लागते आणि तेव्हा सह्या सोडून बाकी सगळे होते. इथेच बचत गटाचा मार्ग उपयोगी पडतो, कारण गटाला जमीन गहाण टाकावी लागत नाही. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रासाठी ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे, आणि प्रक्रियेत असलेल्या गटांच्या सभासद बाईमागे ४० हजार रुपयांचे बीज भांडवल. आज त्यातून बहुतेक पापड, मसाले, कोकम सरबत निघते. काजू फोडणाऱ्या पंधरा बायकांनी मिळून चाळणी आणि फोडणीचे यंत्र घेतले आणि मालकाच्या शेडमध्ये भाड्याने चालवले, तर? मालकाला भांडवल गुंतवावे लागत नाही, बायकांना किलोची मजुरी सुटून यंत्राचे भाडे मिळते, आणि कामाचे तास कमी झाले तर त्याचा फायदा त्यांना होतो. मालक नाही म्हणेल असे मला वाटत नाही. एक-दोघांनी तर स्वतःहून विचारले.

यंत्राची दुरुस्ती हा तिसरा मुद्दा, लहान दिसणारा. फोडणीचे यंत्र अडले की कारागीर घाट उतरून कोल्हापूरकडून येतो, हंगामात तो आठवडाभर मिळत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि कुडाळची एमआयडीसी यांत एका घाटाचे अंतर. आजरा-चंदगडला काजू पिकतोच. आयटीआयच्या मुलांना गाडीचे इंजिन खोलायला शिकवतात, काजूचे यंत्र खोलायला कोणी शिकवत नाही. वेंगुर्ल्याच्या केंद्राने जशी टपोऱ्या बीची जात काढली, तसे त्या टपोऱ्या बीला मानवणारे पाते काढणे हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे आणि कुडाळच्या लेथवाल्यांचे काम आहे. व्हिएतनामचे यंत्र आफ्रिकेच्या बारीक बीसाठी घडले आहे. आपली बी वेगळी, आपले पाते वेगळे हवे. यातून उभ्या राहणाऱ्या नोकऱ्या रिफायनरीच्या आकड्यासारख्या भाषणात शोभणार नाहीत. कुठे तीन, कुठे पाच.

पोरे राहतील का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आज सावंतवाडी-बांद्यातली मुले पहाटे मोटारसायकली काढून गोव्यातल्या कंपन्यांत जातात, आणि इथे आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी, होडीवर खलाशी नेपाळी. कोकणात काम नाही असे म्हणणे त्यामुळे अर्धवट वाटते. काम आहे, पण त्या कामात मान नाही, महिन्याचा पगार नाही, आणि पुढे काही होईल अशी आशा नाही. यंत्र चालवणारा, दुरुस्त करणारा, त्यात हिस्सा असणारा माणूस या तिन्ही गोष्टी मागू शकतो. बाहेरून आलेल्या कामगाराविरुद्ध ओरडण्यात मला रस नाही. कालपर्यंत लालबाग-परळला बाहेरून आलेले आपणच होतो.

काजूच्या यंत्रासाठी अनुदान देताना सरकार शेडचे माप विचारते, विजेचे कनेक्शन विचारते, कोटेशन मागते. त्या अर्जात आणखी दोन रकाने घालायला कायदा बदलावा लागत नाही. हे यंत्र येण्याआधी इथे फोडणीवर आणि सोलणीवर किती बाया होत्या, आणि त्यांतल्या किती जणी यंत्रावर काम करणार आहेत किंवा यंत्रात हिस्सेदार आहेत. दुसरा रकाना रिकामा असेल तर अनुदान निम्मे करावे. आमदार-खासदारांनी येत्या हंगामाआधी एवढे जरी पदरात पाडून घेतले तरी रिफायनरीवरच्या दहा वर्षांच्या भाषणांपेक्षा ते जास्त भरेल.